दिव्यांगांचे वाढीव अनुदान अडकते कुठे? या चुका टाळा

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि श्रावणबाळ योजना यांतील दिव्यांग लाभार्थ्यांचे दरमहा अनुदान १५०० रुपयांवरून २५०० रुपये करण्याचा निर्णय घेतला. आमच्या तालुक्यात या रकमेला सगळे ‘निराधारचा पगार’ म्हणतात. वाढ जाहीर झाल्यापासून कागदांच्या पिशव्या घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा पगार कागद कमी असल्यामुळे अडकलेला नसतो. त्यांनी दिलेले कागद आणि संगणकावरील नोंद यांचा मेळ बसत नसतो, आणि ती नोंद त्यांनी एकदाही वाचून घेतलेली नसते.

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक बँकेच्या खात्याशी संबंधित आहे. ‘माझे खाते आधारला जोडलेले आहे’ असे प्रत्येक जण सांगतो आणि ते खरेही असते. परंतु आधार क्रमांक कितीही खात्यांना जोडता येत असला, तरी आधारवर आधारित थेट लाभाची रक्कम एकाच खात्यात उतरते. सर्वांत शेवटी ज्या बँकेने आपल्या आधारची नोंद राष्ट्रीय देयक महामंडळाकडे केली असेल, त्या बँकेत ती जाते. बँकेने केलेल्या या नोंदीला लोक ‘सीडिंग’ म्हणतात. खाते नुसते आधारला जोडणे वेगळे आणि सीडिंग वेगळे.

दोन्ही पायांनी पोलिओग्रस्त असलेला एक तरुण वाढ लागू झाल्यानंतर माझ्याकडे आला. त्याचा पगार कित्येक वर्षे सहकारी बँकेत नियमित येत होता, आणि नेमका वाढीव रकमेच्या वेळी तो बंद पडला. तो भाड्याची रिक्षा करून चार वेळा तहसील कार्यालयात गेला. पहिल्या वेळी त्याला हयातीचा दाखला मागितला गेला, दुसऱ्या वेळी उत्पन्नाचा दाखला, तिसऱ्या वेळी दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्राची (यूडीआयडी) झेरॉक्स, आणि चौथ्या वेळी पुन्हा हयातीचा दाखला. मागितलेला प्रत्येक कागद त्याने दिला. माझ्याकडे आल्यावर मी त्याच्या पिशवीतला एकही कागद उघडला नाही. आधारच्या संकेतस्थळावर त्याचा क्रमांक टाकून कोणती बँक दिसते ते पाहिले, तर तेथे दुसऱ्याच बँकेचे नाव होते. काही महिन्यांपूर्वी गावात आलेल्या एका माणसाने अंगठा घेऊन त्याचे शून्य शिलकीचे खाते उघडले होते आणि सीडिंग तिकडे वळले होते. त्या खात्यात चार महिन्यांचे १०,००० रुपये पडून होते. त्याच्या आईने ती रकमेची ओळ दोनदा बोटाने वाचली आणि मग विचारले, ‘म्हंजे पैसे आलेले होते?’ ते चार हेलपाटे आजही माझ्या मनातून जात नाहीत, कारण ही तपासणी पाच मिनिटांची होती आणि चारही वेळा ती करावी असे कोणालाच सुचले नाही. म्हणून पगार थांबला असे कोणी सांगितले की मी आधी सीडिंग पाहतो आणि नंतरच कागदांना हात लावतो.

दुसरी चूक लाभार्थी प्रकाराची आहे, आणि ती महिलांच्या बाबतीत फार आढळते. पती गेल्यावर एखाद्या कर्णबधिर बाईंचा अर्ज ‘विधवा’ या प्रकारात मंजूर झालेला असतो. वाढ मात्र दिव्यांगांसाठी आहे. त्या बाई ओळखपत्राची झेरॉक्स देतात, ती फाइलला लागते, पण प्रकार ‘विधवा’च राहतो आणि खात्यात १५०० रुपयेच येतात. नुसती झेरॉक्स देऊन प्रकार बदलत नाही. ‘माझा लाभार्थी प्रकार बदलून दिव्यांग करावा’ असा स्वतंत्र लेखी अर्ज द्यावा लागतो. मी संबंधित लिपिकांना नम्रपणे विनंती करतो की पडद्यावर दिसणारे नाव, आधार क्रमांक, प्रकार, दिव्यांगत्वाची टक्केवारी आणि ओळखपत्राचा क्रमांक एकदा वाचून दाखवावा, आणि ते जसे वाचतील तसे मी कागदावर उतरवून घेतो. ओळखपत्रावर ‘सुमन’ आणि आधारवर ‘सुमनबाई’ असा एवढासा फरकही तेथेच सापडतो. अशा वेळी आधी नाव दुरुस्त करून घ्यावे आणि मगच पुरावे द्यावेत. हा क्रम उलटा केला की तेच पुरावे दुसऱ्यांदा मागितले जातात.

ओळखपत्राच्या बाबतीत आणखी एक गैरसमज आहे. स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज केल्यावर मिळणारी नोंदणीची पावती म्हणजे ओळखपत्र नव्हे. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तपासणी होऊन टक्केवारी नोंदवली गेल्यानंतरच अठरा अंकाक्षरांचा क्रमांक मिळतो. तपासणीत टक्केवारी घटेल या भीतीने जुने हस्तलिखित प्रमाणपत्रच पुढे करत राहणारे अनेक जण आहेत. ती भीती मला समजते, पण प्रमाणपत्र तात्पुरते असेल आणि त्याची मुदत संपली असेल तर पगार थांबण्याचा धोका त्याहून मोठा आहे.

८० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या दारिद्र्यरेषेखालील लाभार्थ्यांना केंद्राचे ३०० रुपये आणि राज्याची उरलेली रक्कम मिळते. या दोन रकमा वेगवेगळ्या दिवशी जमा होऊ शकतात, त्यामुळे पासबुकात केवळ ३०० रुपयांची ओळ पाहून ‘पगार कापला’ अशी तक्रार करू नये.

उत्पन्नाचा दाखला मुदतीतला असावा, आणि दिव्यांगांसाठी ५०,००० रुपयांची वार्षिक मर्यादा आहे हे सेतू केंद्रावर स्वतः सांगावे. हयातीचा दाखला वेळेवर द्यावा. बंद पडलेला मोबाइल क्रमांक बदलून घ्यावा.

घाई करणाऱ्यांविषयी मला स्पष्ट बोलले पाहिजे. दोन महिने पगार आला नाही म्हणून नवा अर्ज करणे हा उपाय नाही. एकाच आधार क्रमांकावर दोन अर्ज दिसले की दुबार लाभार्थी म्हणून चौकशी लागते आणि चालू असलेले प्रकरणही अडकते. ‘दोन हजार द्या, आठ दिवसांत वाढ चालू करतो’ असे सांगणाऱ्या माणसाकडे तर जाऊच नये, कारण तो जे काम करणार आहे ते एका साध्या अर्जाने होते आणि त्याच्या हाती दिलेले मूळ ओळखपत्र परत मिळवण्यात महिना जातो.

अर्ज नेहमी दोन प्रतींत न्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये. पुढे एखादा पुरावा पुन्हा मागितला गेला, तर त्रुटी लेखी कळवावी अशी मागणी करून आपल्या पत्रात त्या आवक क्रमांकाचा उल्लेख करावा. एक महिना उत्तर आले नाही, तर त्याच क्रमांकाच्या आधारे माहितीच्या अधिकारात आपल्या अर्जावर काय कार्यवाही झाली हे विचारावे. त्याचे उत्तर ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे.