बाळंतपण आणि मन : सातव्या महिन्यातच फोनमध्ये काय काय लावून ठेवावं

इंदूरच्या मराठी घरात बाळंतपणाची तयारी डोहाळजेवणाच्याही आधी सुरू होते. डिंक-अळीव येतात, मालिशवाल्या बाईला सांगून ठेवलं जातं, जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवून होतात, एमटीएच (इंदूरचं सरकारी बाळंतपणाचं रुग्णालय) की खासगी दवाखाना याचाही निकाल लागतो. मनाची तयारी मात्र "बाळाचं तोंड पाहिलंस की सगळं विसरशील" या एका वाक्यावर भागवली जाते. भारतातल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१७ साली छापून आला. त्यात बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं प्रमाण सुमारे २२ टक्के निघालं, म्हणजे पाच बाळंतिणींमागे एक. डिंकाच्या लाडवांइतकीच ही तयारीही घराच्या यादीत हवी, असं मला मनापासून वाटतं.

या तयारीत फोन कामाचा आहे. तो उपचार करणार नाही, पण वेळेवर आठवण देईल, नोंद ठेवील आणि योग्य माणसाशी गाठ घालून देईल. म्हणून पुढचं कुठलंही साधन लावताना आधी स्वतःला विचारा : याच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे? कुणीच नसेल तर ते साधन नुसती करमणूक. आणि हे सगळं सातव्या महिन्यातच उरकून घ्या. बाळ आल्यावर पासवर्ड शोधायलाही सवड मिळत नाही.

पहिली पायरी : नोंदणीत कुणाचा नंबर आहे ते पाहा

केंद्र सरकारची 'किलकारी' नावाची फोनसेवा आहे. चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत आठवड्याला एक, असे एकूण ७२ ध्वनिमुद्रित कॉल फुकट येतात. मध्य प्रदेशात ते हिंदीत असतात. भर आहार, तपासण्या, लसी यांवर असतो. मनाच्या आजारासाठी ही सेवा नाही, पण आठवड्याला कुणीतरी बाळंतिणीशी बोलतं, हेही थोडं नाही.

अडचण नंबराची आहे. गरोदरपणाच्या सरकारी नोंदणीत जो मोबाइल लिहिला असेल त्यावरच कॉल येतो आणि बऱ्याचदा तिथे नवऱ्याचा नंबर असतो. तो भर दुपारी क्लॉथ मार्केटमध्ये दुकानात उभा, समोर गिऱ्हाईक, कानाला रेकॉर्ड केलेला बायकी आवाज लागतो. कंपनीचा कॉल समजून तो कापतो आणि बायकोला कधी कळतही नाही. तेव्हा आशाताईंना किंवा एएनएमना (आरोग्य केंद्राच्या नर्सताईंना) विचारा : माझ्या नावापुढे कुठला नंबर आहे? तुमचा नसेल तर बदलून घ्या. नाव खासगी दवाखान्यात घातलं असलं तरी ही नोंदणी करून घ्यावी, कारण त्यासोबत आशाताईंच्या घरभेटीही मिळतात. दवाखान्यात बाळंतपण झालं तर त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. हे दिवस लक्षात ठेवा, पुढे लागतील.

दुसरी पायरी : एक छोटी नोंद लिहा

फोनच्या नोट्समध्ये चार ओळी पुरेत. याआधी कधी नैराश्य, फार घाबरल्यासारखं होणं किंवा मनाच्या आजाराचं औषध झालं होतं का? आईला, मावशीला, बहिणीला बाळंतपणात काही झालं होतं का? आधीचं बाळंतपण किंवा गर्भपात जिवावर बेतलेला होता का? घरात मारहाण, पैशाची ओढाताण, मुलगाच हवा असा धोशा आहे का? यातलं काही असेल तर धोका वाढतो आणि अशा बाईला आधीच, त्रास व्हायच्या अगोदर, समुपदेशन मिळालं तर नैराश्य टळण्याची शक्यता वाढते. ही नोंद पुढच्या तपासणीत डॉक्टरांना दाखवा. बोलायला जीभ रेटत नसेल तर फोन त्यांच्या हातात द्या.

मनाच्या आजाराचं औषध चालू असेल तर दिवस राहिले म्हणून ते आपल्या मनाने बंद करू नका. ॲपवर काहीही लिहिलेलं असो, हा निर्णय डॉक्टरांसोबतच घ्यायचा.

तिसरी पायरी : दहा प्रश्न, पण एकटीने

सगळ्यात उपयोगी साधन अगदी साधं आहे : एडिनबरा प्रश्नावली. १९८७ साली ब्रिटनमध्ये तयार झाली. दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांतल्या मनःस्थितीबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ३०. नैराश्याच्या इतर प्रश्नावल्या झोप आणि भुकेबद्दल विचारतात. पण ओल्या बाळंतिणीची झोप तर मोडलेलीच असते, त्यावरून काय ओळखणार? एडिनबरात थकवा आणि भूक मुद्दामच गाळली आहे, आणि झोपेबद्दल विचारलं आहे ते फक्त मन उदास असल्यामुळे झोप लागत नाही का, एवढंच. बाळंतिणीच्या बाबतीत ती खरी वाटते ती यामुळे.

मराठी किंवा हिंदी, तुम्हाला ज्या भाषेत रडू येतं त्या भाषेतली प्रत डॉक्टरांकडून मागून घ्या. व्हॉट्सॲपवर फिरणारी नको, कारण काही प्रश्नांचे गुण उलटे मोजावे लागतात आणि फिरत्या प्रतींत तिथेच घोळ होतो. गुण साधारण १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांशी बोलायचं, १३ किंवा जास्त आले तर उशीर करायचा नाही. ही चाळणी आहे, निदान नव्हे. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. तिथे 'कधीच नाही' याखेरीज कुठलंही उत्तर आलं, तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्याच दिवशी कुणाशी तरी बोला.

भरायची कधी, हे ठरवून टाका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. ८ तारखेच्या रात्रीचं रिमाइंडर लावा. बाळंतपणानंतर १४ व्या आणि ४२ व्या दिवशी, म्हणजे आशाताई यायच्या असतील तेव्हा, आणि मग तीन, सहा, नऊ, बारा महिन्यांनी. रिमाइंडरला 'दवाखान्याची फाइल' असं साधं नाव द्या. पडद्यावर 'नैराश्य' झळकलं की घरात शंभर प्रश्न उभे राहतात.

आणि एकटीने भरा. सासूबाई शेजारी बसल्या असल्या, त्या कितीही मायाळू असोत, तरी बोट आपोआप 'सगळं ठीक' वर जातं. बाळाला पाजून झोपवल्यावर, दार लोटून घेऊन, पाच मिनिटं. मग पडद्याचा फोटो काढून तो आधीच ठरवलेल्या एका व्यक्तीला पाठवा : बहीण, मैत्रीण किंवा नवरा. तिचं काम एवढंच की आकडा वाढला तर अपॉइंटमेंट घ्यायची आणि सोबत जायचं. या एका नेमणुकीवर बाकी सगळं अवलंबून आहे, म्हणून माणूस विचारपूर्वक निवडा. "एवढं काय त्यात" म्हणणारी व्यक्ती नको.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं बहुतेक जणींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्याला घाबरू नका. दोन आठवड्यांनंतरही तसंच राहिलं तर मात्र ते थकव्यावर ढकलू नका. डॉक्टरांना हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासायला सांगा. या दोन्हींतल्या बिघाडाने मन असंच खचतं.

चौथी पायरी : ॲप घ्यायचं तर पारखून

गरोदरपणाची बहुतेक ॲपं बाळ आज केवढं झालं ते सांगतात आणि मध्येमध्ये जाहिराती दाखवतात. मनाच्या आजाराला आळा घालतात की नाही, हे त्यांतल्या फार थोड्यांनी तपासून पाहिलं आहे. नॉर्वेतला 'मम्मा मिया' हा इंटरनेट कार्यक्रम त्या थोड्यांपैकी. गरोदरपणाच्या मध्यापासून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत ४४ छोटी सत्रं, आणि १,३०० हून जास्त बायकांवरच्या चाचणीत तो वापरणाऱ्यांमध्ये नैराश्याची लक्षणं कमी आढळली. आपल्याकडे तो नाही, पण त्यावरून काय शोधायचं ते कळतं : छोटे पाठ, ठरावीक क्रमाने, नवरा-बायकोच्या नात्यावरही बोलणारे, आणि गरोदरपणातच सुरू होणारे.

ॲप उतरवण्याआधी पाहा : ते कुणी बनवलं आहे, त्यात खरे डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ आहेत का, खातं आणि माहिती पूर्ण पुसता येते का. संपर्कयादी किंवा लोकेशनची परवानगी मागत असेल तर देऊ नका, गरोदरपणाच्या ॲपला त्याची गरज नाही. चॅटबॉटशी बोलून रात्री बरं वाटत असेल तर बोला, पण जीव नकोसा झाला असताना तिथे जाऊ नका.

सोबत एक सवय ॲपशिवायही लागते. रोज संध्याकाळी फोनमध्ये एक ओळ : आज बाळाखेरीज स्वतःसाठी केलेली एक गोष्ट. गच्चीवर दहा मिनिटं, मैत्रिणीला पाठवलेला व्हॉइस मेसेज, केस धुणं. ओळ तीन-चार दिवस रिकामी राहिली तर घरच्यांना दाखवा, कुणीतरी अर्धा तास बाळाला घेईल. अशा छोट्या ठरवून केलेल्या कामांचा मनाला खरंच आधार होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'थिंकिंग हेल्दी' या कार्यक्रमातही त्यांना जागा आहे. त्याचा उगम पाकिस्तानातल्या रावळपिंडीजवळच्या खेड्यांत, आणि गोव्यात तो शिकवून तयार केलेल्या साध्या बायकांनी शेजारणींसाठी राबवला.

पाचवी पायरी : झोपेचं कॅलेंडर

नवऱ्याच्या आणि तुमच्या फोनवर एकच सामायिक कॅलेंडर ठेवा. रोज रात्री बाळंतिणीला सलग चार-पाच तास झोप मिळेल अशी पाळी लावा आणि त्यात नाव घाला : आई, नवरा, नणंद. 'कुणीतरी बघेल' असं लिहायचं नाही. घरचा व्हॉट्सॲप ग्रुप सव्वा महिना म्यूट करा. बाळाचे फोटो नवऱ्याने टाकावेत. "दूध पुरतंय ना?" या प्रश्नाला दिवसातून अकरा वेळा उत्तर देणं बाळंतिणीचं काम नाही.

नवऱ्याचंही मन पाहा. सुमारे दहापैकी एक बाप या काळात नैराश्यातून जातो, आणि त्याला कुणी विचारतही नाही.

सहावी पायरी : १४४१६

'टेलीमानस' ही सरकारी मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६, दिवसरात्र. वीस भाषांत मराठीही आहे, भाषा निवडायला विचारतात. आधी समुपदेशक बोलतात, गरज पडली तर पुढे मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात. नंबर आजच साठवा. पहिलं वाक्यही लिहून ठेवा, कारण ऐन वेळी तेच सुचत नाही : "मला बाळ होऊन सहा आठवडे झालेत. पंधरा दिवस झोप लागत नाही आणि बाळाजवळ जावंसं वाटत नाही." एवढं पुरतं. घरात मारहाण असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. बोलून झाल्यावर कॉलची नोंद पुसा.

फोन बाजूला ठेवायची वेळ

बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत हजारात एक-दोन जणींना वेगळाच, गंभीर आजार होतो. रात्रभर झोप नाही तरी थकवा नाही, बोलणं भरभर, संशय, नसलेले आवाज, बाळाबद्दल विचित्र समजुती. घरातली वडील मंडळी याला बाहेरची बाधा म्हणतात आणि दोन दिवस झाडफुकीत जातात. असं काही दिसलं तर आई आणि बाळ दोघांना एकटं सोडू नका, ११२ किंवा १०८ ला फोन करा आणि थेट इंदूरच्या सरकारी एमवाय रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या. लवकर उपचार झाले तर बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात. बाळ काढून घेतील या भीतीने घरी बसू नका. मनोआरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालच्या मुलाला सहसा वेगळं करता येत नाही.

रिमाइंडर बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत चालू ठेवा, सव्वा महिना झाला म्हणून बंद करू नका. नोंदी तर त्यानंतरही जपा. पुन्हा दिवस राहिले की पहिल्याच तपासणीत डॉक्टर त्या मागतील.