कमी मात्रेतलं नालट्रेक्सोन: सुरू कसं करावं, मोजावं कसं, थांबावं कधी

नालट्रेक्सोनची गोळी ५० मिलिग्रॅमची असते. अफूजन्य पदार्थांचं व्यसन सोडवण्यासाठी अमेरिकेत तिला १९८४ मध्ये मान्यता मिळाली आणि दारूच्या व्यसनासाठी १९९४ मध्ये. फायब्रोमायल्जिया (अंगभर पसरलेलं जुनाट दुखणं), क्रोन्स (आतड्यांच्या दाहाचा आजार) किंवा सांध्यांच्या जुनाट दुखण्यासाठी हेच औषध ०.५ ते ४.५ मिलिग्रॅम एवढ्या कमी मात्रेत देतात. हा वापर ऑफ-लेबल आहे. म्हणजे डॉक्टर तो स्वतःच्या जबाबदारीवर लिहून देऊ शकतात, पण औषधाच्या वेष्टणातल्या कागदावर तो सापडणार नाही. त्यामुळे मात्रा कशी वाढवायची, कधी थांबायचं, हे पहिल्याच भेटीत लेखी मागून घ्या.

इतक्या कमी मात्रेचा परिणाम दोन तऱ्हांनी होत असावा असं मानतात. शरीरातले ओपिऑइड रिसेप्टर, म्हणजे अफूच्या जातीची औषधं (ओपिऑइड) पेशींवर जिथे चिकटतात त्या जागा, काही तासच अडतात आणि त्याची भरपाई म्हणून शरीर स्वतःची नैसर्गिक वेदनाशामकं, म्हणजे एंडॉर्फिन, वाढवतं. दुसरं म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मायक्रोग्लिया या संरक्षक पेशींवरचा टीएलआर-४ हा रिसेप्टर शांत होतो आणि दाहाचे संदेश कमी होतात. पुरावा मात्र संमिश्र आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फायब्रोमायल्जियाच्या ३१ स्त्रियांवरच्या चाचणीत ४.५ मिलिग्रॅमने वेदना सरासरी २८.८ टक्के घटल्या, नकली गोळीने १८ टक्के. डेन्मार्कमधल्या ९९ स्त्रियांच्या चाचणीत ६ मिलिग्रॅम १२ आठवडे देऊनही वेदनेत नकली गोळीपेक्षा ठोस फरक दिसला नाही. तेव्हा हे औषध घ्यायचं ते ठरावीक मुदतीचा प्रयोग म्हणून.

सुरू करण्याआधीचं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे घरातली औषधं तपासणं. ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन, मॉर्फिन, ब्युप्रेनॉर्फिन या ओपिऑइड औषधांपैकी काहीही चालू असताना नालट्रेक्सोन घेतलं, तर घाम, नाक गळणं, पोटात कळा, उलट्या, जुलाब, कमालीची बेचैनी असा विथड्रॉवलचा (ओपिऑइड अचानक तुटल्यावर होणाऱ्या त्रासाचा) झटका काही मिनिटांत ते काही तासांत येऊ शकतो. मात्रा कमी आहे म्हणून तो टळत नाही. फसवतात ती जोडगोळीची औषधं: पॅरासिटामॉलच्या नावाखाली त्यात ट्रॅमाडॉलही असतं, खोकल्याच्या औषधात कोडीन असतं. म्हणून वेष्टणावरचं नाव सोडा, घटक वाचा. साधी ओपिऑइड बंद करून किमान ७ ते १० दिवस जावे लागतात, ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन असेल तर दोन आठवड्यांपर्यंत. आणि ती औषधं आपल्या मनाने एकदम तोडू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उतरवा. साधं पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन यांच्याशी याचं वैर नाही. यकृताचा आजार, गर्भारपण किंवा स्तनपान असेल तर ते आधीच सांगा. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट किंवा स्टेरॉइड चालू असेल, तर ते तसंच चालू राहू द्या. हे औषध त्यांची जागा घेत नाही.

आता मोजमाप. ५० मिलिग्रॅमच्या गोळीचे सुरीने १.५ मिलिग्रॅमचे तुकडे होत नाहीत, कुणी कितीही सांगो. उत्तम मार्ग म्हणजे कंपाउंडिंग फार्मसीकडून (चिठ्ठीप्रमाणे औषध बनवून देणाऱ्या दुकानाकडून) नेमक्या मात्रेच्या कॅप्सूल करून घेणं. त्या लगेच विरघळणाऱ्या हव्यात, सावकाश सुटणाऱ्या नकोत, कारण रिसेप्टर थोडाच वेळ अडवायचा आहे. ती सोय नसेल तर डॉक्टर किंवा फार्मासिस्टच्या संमतीने द्रावण करता येतं. गडद रंगाची स्वच्छ बाटली घ्या. बिनसुईच्या १० मिलिलिटरच्या सिरिंजने पाच वेळा डिस्टिल्ड पाणी भरून त्यात सोडा. हे झालं ५० मिलिलिटर. वाटी, कप, चमचा यांच्या मापावर जाऊ नका. अख्खी गोळी टाका, आवरण मऊ होऊ द्या आणि जोरात हलवा. तळाशी पांढुरका गाळ उरतो, तो गोळीतल्या भरावाचा. औषध पाण्यात उतरलेलं असतं. आता १ मिलिलिटर म्हणजे १ मिलिग्रॅम. बाटलीवर नाव, हे प्रमाण आणि तारीख लिहा, फ्रिजमध्ये मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, रोज हलवून मगच घ्या. यात टिकाऊपणासाठी काही घातलेलं नसतं, म्हणून १४ दिवसांनी उरलेलं टाकून द्या. सुरुवातीच्या मात्रेला निम्म्याहून जास्त वाया जातं, त्याची हळहळ नको.

रोजच्या मात्रेसाठी लहान सिरिंज वापरा. ती उभी धरून बुडबुडे वर काढा आणि दट्ट्याच्या रबराची टोकाकडची कड रेघेशी जुळवा. चिठ्ठीवर मात्रा मिलिग्रॅम आणि मिलिलिटर दोन्हींत हवी. नुसतं ‘.५’ लिहिलं आणि दशांश चिन्हाचा ठिपका पुसट झाला की ५ वाचलं जातं, तेव्हा ठिपक्याआधी शून्य असल्याशिवाय मात्रा स्वीकारू नका.

नेहमीची चढण अशी: रात्री १.५ मिलिग्रॅम दोन आठवडे, मग ३ मिलिग्रॅम दोन आठवडे, मग ४.५. ज्यांना औषधं पटकन बाधतात त्यांना ०.५ पासून सुरू करून दर दोन आठवड्यांनी ०.५ ने वाढवतात. घाई करणाऱ्यांना बहुतेक वेळा झोप नडते. सुरुवातीला स्पष्ट, विचित्र स्वप्नं, मध्येच जाग, डोकेदुखी, थोडी मळमळ हे होतं आणि बऱ्याच जणांचं काही दिवसांत निवळतं. न निवळल्यास डॉक्टरांना विचारून मात्रा सकाळी घ्या. रात्रीच घ्यायला हवी याला भक्कम पुरावा नाही. तरीही त्रास राहिला तर आधीच्या पायरीवर या. कुणाकुणाला ३ मिलिग्रॅमच जास्त मानवतं, ४.५ गाठलंच पाहिजे असं नाही. कातडी किंवा डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं, अंगावर पुरळ दिसलं तर औषध थांबवून लगेच डॉक्टरांना गाठा.

नोंदवही सुरू होण्याच्या दोन आठवडे आधीपासून ठेवा. रोज ठरलेल्या वेळी वेदना ० ते १० मध्ये, झोपेचे तास, सकाळचा ताठरपणा किती मिनिटं, आणि एक ठरावीक काम, जसं जिना चढणं, जमलं का. एकाच वेळी नवा व्यायाम किंवा दुसरं औषध सुरू केलं तर फरक कशाने पडला ते कळणार नाही. योग्य मात्रेवर आल्यावर तीन महिने द्या. आकडे हललेच नाहीत तर डॉक्टरांशी बोलून बंद करा. या मात्रेला सहसा हळूहळू उतरवावं लागत नाही.

शस्त्रक्रिया किंवा दाढ काढणं ठरलं असेल, तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. बहुधा एक ते तीन दिवस आधी थांबवायला लावतात. अपघातात तुम्ही बोलू शकणार नाही, म्हणून पाकिटात चिठ्ठी ठेवा: ‘नालट्रेक्सोन घेतो/घेते, रोजची मात्रा इतकी, ओपिऑइड वेदनाशामकांचा परिणाम कमी होऊ शकतो’. त्याखाली औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांचा फोन नंबर.