कोळशाच्या युनिटवर नवीन लागलात? मग आधी हे वाचा

महानिर्मितीत किंवा तशाच कुठल्या सरकारी वीज केंद्रात नवीन लागलेली पोरं पहिल्या दिवसापासून कंट्रोल रूमच्या स्क्रीनला चिकटतात, पण माझं ऐका, पहिला आठवडा कोल यार्डात काढा, कारण युनिट, म्हणजे बॉयलर-टर्बाइन-जनरेटरचा एक संच, नीट चालणार की त्रास देणार हे अर्धंअधिक तिथेच ठरतं.

500 मेगावॅटचं एक युनिट फुल लोडला तासाला साधारण साडेतीनशे टन कोळसा खातं आणि आपल्या कोळशात तिसरा हिस्सा तर राखच असते. चंद्रपूरसारख्या 2920 मेगावॅटच्या केंद्रात सगळी युनिटं चालू असली की कोळशाच्या मालगाड्या, म्हणजे रेकमागून रेक, लागतात. म्हणून जो कोळसा आधी आला तो आधी उचलायचा, ढीग डोझरने दाबून घट्ट ठेवायचा, कारण आत हवा खेळली की कोळसा स्वतःहून तापतो आणि पेटतो. पहाटेच्या गारव्यात ढिगाला एक चक्कर मारा, कुठे वाफ दिसतेय का बघा, रॉकेलसारखा वास आला तर तिथे आत धग आहे असंच समजा. तो भाग उकरून, पसरून, पूर्ण थंड करायचा, पण धुमसता कोळसा बेल्टवर चढवायचा नाही म्हणजे नाही, मग बंकरची (बॉयलरजवळच्या कोळशाच्या टाकीची) लेव्हल कितीही खाली जाऊ दे.

पावसाळ्यात वेगळीच कटकट. ओला कोळसा चिखलासारखा चुटला, म्हणजे कोळसा घसरत खाली येतो त्या नळीला, चिकटतो, चोकअप होतं, लोड पडतो आणि फ्लेम टिकवायला महागडं ऑइल जाळावं लागतं. शेडखाली सुका कोळसा जूनच्या आधीच भरून ठेवा. आणि चोकअप झालं की मिलवर, म्हणजे कोळसा दळणाऱ्या चक्कीवर, डोळा ठेवा, कारण फीडरमधून (मिलला कोळसा पुरवणाऱ्या यंत्रातून) कोळसा येणं थांबलं आणि गरम हवा चालूच राहिली तर मिलचं आउटलेट टेंपरेचर झपाट्याने चढतं, मिलला आग लागते ती अशीच. लगेच गरम हवा कमी करून थंड हवा वाढवायची, ऑपरेटर आधी फोन करत बसला तर उशीर होतो.

हीट रेटचं, म्हणजे विजेसाठी किती उष्णता जाळावी लागते त्याचं, साधं गणित असं, की एका युनिट (किलोवॅट-तास) विजेत 860 किलोकॅलरी असतात आणि आपण त्यासाठी 2400 च्या आसपास जाळतो. बाकीची उष्णता सगळ्यात जास्त कंडेन्सरमधून (टर्बाइनमधून आलेल्या वाफेचं पाणी होतं तिथून) जाते, म्हणून तिथला व्हॅक्यूम थोडा पडला तरी कारण शोधा. बॉयलरच्या बाजूला ऑक्सिजन तीन-चार टक्क्यांत ठेवा, जास्त हवा दिली तर उष्णता चिमणीतून जाते आणि कमी दिली तर न जळलेला कोळसा राखेत. फ्लू गॅस (चिमणीकडे जाणारा धूर) वीस-बावीस डिग्रीने गरम जायला लागला की बॉयलरची एफिशियन्सी जवळपास एक टक्का गेलीच, तेव्हा सूट ब्लोइंग (बॉयलरच्या नळ्यांवरची राख-काजळी झाडणं) टाळू नका.

फ्लेम गेली तर पाच मिनिटं पर्ज (हवा सोडून फर्नेस साफ करणं), पूर्ण. लोड डिस्पॅचवाले (कुठल्या केंद्राने किती वीज द्यायची ते सांगणारे) कितीही घाई करोत, फर्नेसमध्ये साचलेलं इंधन बाहेर गेल्याशिवाय परत पेटवायचं नाही.

आता क्लिंकर, म्हणजे राख वितळून झालेले दगडासारखे गोळे. 1 नोव्हेंबर 2017 ला उत्तर प्रदेशात ऊंचाहारला 500 मेगावॅटच्या नव्या युनिटमध्ये फर्नेसच्या तळाशी राख साचली होती, युनिट चालू असतानाच ती काढणं सुरू होतं आणि स्फोट झाला, तीसहून जास्त माणसं गेली. म्हणून तळाची राख निघत नसेल तर लोड कमी करा, तरी सुटली नाही तर युनिट बंद करा. बंद युनिट परत चालू होतं.

शेवटी परमिट, म्हणजे यंत्र बंद करून त्यावर काम करायची लेखी परवानगी. माझ्या सुरुवातीच्या काळात एका बेल्टवर काम होतं, परमिट हातात होतं, टॅग लावलेला होता, आणि आमच्या मुकादमाने सवयीने जागेवरचं स्टार्ट बटण दाबलं तर बेल्ट हलला! ब्रेकर (वीजपुरवठा तोडणारा स्विच) शेजारच्या बेल्टचा काढला होता. माणसं अजून वर चढायची होती म्हणून वाचली. तेव्हापासून मी ब्रेकर स्वतः बघतो, आपलं कुलूप लावतो, किल्ली खिशात ठेवतो, मग बटण दाबून बघतो आणि त्यानंतरच माणूस वर चढवतो. शिफ्ट बदलताना लॉगबुकात लिहाच, पण पुढच्याला तोंडानेही सांगा, की अमुक बेल्टवर परमिट आहे आणि वर तीन माणसं आहेत, आणि ती तिघं खाली उतरलेली डोळ्यांनी दिसल्याशिवाय ब्रेकर आत जाणार नाही.