हाताने बनवलेला अ‍ॅम्प्लिफायर कसा विकावा

कंपनीचा जुना अ‍ॅम्प्लिफायर विकणं त्या मानाने सोपं. मॉडेल नंबर सांगितला की घेणारा बाकीची माहिती स्वतःच काढतो. आपण एकेक पार्ट जमवून बनवलेल्या अ‍ॅम्पला ना मॉडेल नंबर, ना सर्व्हिस मॅन्युअल. घेणारा आपल्यासारखाच हौशी असला, तरी त्याच्या दृष्टीने ती बंद पेटीच. आत काय आहे आणि ते आज कसं चालतंय, हे त्याला स्वतः तपासून पाहता आलं पाहिजे. विक्रीची बहुतेक तयारी याचसाठी असते.

आधी झाकण उघडा

प्लग काढल्यावरही फिल्टर कॅपॅसिटरमध्ये, म्हणजे पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये, चार्ज राहतो. १०,००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर ५० व्होल्टवर भरलेला असेल तर त्यात साडेबारा ज्यूल ऊर्जा असते. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका. ठिणगी उडते, टर्मिनल जळतं. १ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी मिनिटभर लावून ठेवा आणि व्होल्टेज उतरल्याची मीटरवर खात्री करा. प्लस आणि मायनस, दोन्ही रेल (सप्लायच्या व्होल्टेज लाइनी) तपासा.

मग मऊ ब्रशने धूळ काढा, पॉवर ट्रान्झिस्टरचे स्क्रू आणि स्पीकर टर्मिनलचे नट आवळा, कुठला कॅपॅसिटर डोक्यावर फुगलाय का ते पाहा. यानंतरची तपासणी मात्र कधीच टाळू नका. प्लगच्या अर्थ पिनपासून कॅबिनेटच्या उघड्या धातूपर्यंत मीटर लावा. रीडिंग जवळपास शून्य ओहम आलं पाहिजे. अर्थचा लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) रंगावरच बसवला असेल तर रंग खरवडा आणि दातेरी वॉशर घालून पुन्हा आवळा. धातूचं कॅबिनेट आणि अर्थ नाही, असा अ‍ॅम्प कितीही गोड वाजत असला तरी दुसऱ्याच्या घरी पाठवू नये.

आकडे घ्या

अ‍ॅम्प बरेच दिवस बंद असेल तर पहिल्यांदा सिरीज बल्ब, म्हणजे मेन्सच्या वायरीत ओळीने जोडलेला फिलामेंटचा बल्ब, लावून चालू करा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जा. पेटलेलाच राहिला तर आत काहीतरी शॉर्ट आहे.

स्पीकर न जोडता, इनपुट शॉर्ट करून, झाकण लावून अर्धा तास तापू द्या. मग स्पीकर टर्मिनलवर डीसी ऑफसेट, म्हणजे सिग्नल नसतानाही तिथे उरणारं डीसी व्होल्टेज, मोजा. २० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम, ५० पर्यंत चालतं. १०० च्या वर गेला तर आधी कारण शोधा, विक्रीचं नंतर बघू. दोन्ही चॅनलचे आकडे वेगवेगळे लिहा, कारण घेणारा त्यांच्यातला फरकही बघणार आहे.

बायस करंट, म्हणजे सिग्नल नसताना आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा करंट, त्यांच्या एमिटरला जोडलेल्या रेझिस्टरवरच्या व्होल्टेजवरून काढतात. ०.२२ ओहमवर २२ मिलिव्होल्ट म्हणजे १०० मिलिअँपिअर. इथे प्रोब निसटला तर आउटपुटचे ट्रान्झिस्टर क्षणात जातात, म्हणून क्लिपा अ‍ॅम्प बंद असताना लावा आणि मगच चालू करा.

पॉवरचा आकडा लिहिताना मन घट्ट ठेवा. ८ ओहमचा डमी लोड (स्पीकरऐवजी जोडायचा मोठा रेझिस्टर), १ किलोहर्ट्झची साइन वेव्ह, आणि ऑसिलोस्कोपवर शिखरं चपटी व्हायला लागण्याच्या आधीचं व्होल्टेज. ते २० व्होल्ट आरएमएस असेल तर वर्ग ४००, भागिले ८, म्हणजे ५० वॅट. एक चॅनल चालवून मोजलं की दोन्ही, तेही सांगा. स्कोप नसेल तर वॅट लिहूच नका. ट्रान्सफॉर्मर किती व्हीएचा आणि रेल किती व्होल्टच्या, एवढं लिहा; जाणकार त्यावरून अंदाज बांधतो. माझ्या मते सर्किटवर छापलेले वॅट उतरवून काढण्यापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक आहे.

आता स्पीकर जोडा. ज्याचं काही झालं तरी फारसं दुःख होणार नाही, असा आधी. इनपुट शॉर्ट ठेवून कान जवळ न्या आणि हम, सूं असा आवाज ऐका. व्हॉल्यूम फिरवताना खरखर येत असेल तर सगळे जण पॉटवर (व्हॉल्यूमच्या बदलत्या रेझिस्टरवर) कॉन्टॅक्ट क्लीनर मारतात. कधी कधी पॉट चांगला असतो आणि सिग्नल जाऊ देऊन डीसी अडवणारा कपलिंग कॅपॅसिटर लीक होऊन त्याच्यावर डीसी येत असतं. क्लीनरने तो दोष दोन दिवस झाकला जातो आणि नव्या मालकाकडे पुन्हा उगवतो. पॉटवर मीटर लावून बघाच.

कागद तयार करा

सर्किट डायग्राम द्या आणि तुम्ही केलेले बदल त्यावर लाल पेनने दाखवा. डिझाइन मूळ कुणाचं, बोर्ड किटचा की स्वतः एच केलेला (तांबं रसायनाने कोरून बनवलेला), कोणत्या साली बनवला, हे सगळं लिहा. ब्रिटिश डिझायनर जॉन लिन्सले-हूड यांचं १९६९ चं दहा वॅटचं क्लास-ए सर्किट लोक आजही बनवतात, पण त्यातले ट्रान्झिस्टर आणि सप्लाय बदलले असतील तर नुसतं नाव सांगून काही कळत नाही. २एससी५२०० आणि २एसए१९४३ या आउटपुट ट्रान्झिस्टरच्या जोडीचे नकली पार्ट बाजारात भरपूर आहेत. ते कुठून घेतले, हा प्रश्न येणारच. उत्तर आधीच लिहून ठेवा. जुळवलेले जादा ट्रान्झिस्टर शिल्लक असतील तर सोबत द्या.

फोटो झाकण काढूनही घ्या. सोल्डरची बाजू दाखवा, ओरखडे दाखवा. वायरिंगचं गुंतवळ असेल तर तेही दिसू द्या.

किंमत

तुमच्या जागरणांचे पैसे कुणी देत नाही, आणि त्यात घेणाऱ्याची चूकही नाही. तो मनातल्या मनात अ‍ॅम्प सुटा करतो आणि ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक, कॅबिनेट, मोठे कॅपॅसिटर यांची किंमत धरतो. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. हे पार्ट आज नवे घेतले तर किती पडतील ते काढा आणि वयाप्रमाणे कमी करा. कागद आणि आकडे चोख असतील तर थोडं वर मागायला संकोच नको. बिघाड झाल्यास तुम्ही किती दिवस बघून द्याल, हेही सौदा ठरण्याआधी लिहून कळवा.

घेणारा नवखा आहे, त्याला मीटरही धरता येत नाही, असं बोलताना जाणवलं तर त्याला रेडिमेड अ‍ॅम्प घ्यायला सांगा. गिऱ्हाईक जाईल, पण फ्यूज उडाला तरी घाबरणाऱ्या माणसाला हे यंत्र सुख देणार नाही. शक्यतो घेणाऱ्याला प्रत्यक्ष बोलवा, त्याचं संगीत लावू द्या, तासभर वाजू द्या. हीटसिंकला हात लावून बघायला सांगा.

पाठवायचा असेल तर

घाव बसतो तो ट्रान्सफॉर्मरमुळे. टोरॉइडल, म्हणजे कड्याच्या आकाराचा, ट्रान्सफॉर्मर एकाच बोल्टवर उभा असतो. पार्सल आपटलं की तळाचा पत्रा वाकतो. बोल्ट काढून तो वेगळ्या खोक्यात पाठवणं सर्वांत चांगलं. वायरींना नंबरांच्या चिठ्ठ्या लावा आणि जोडणीचा फोटो द्या. शिवाय एक सूचना ठळक लिहा: बोल्टचं वरचं टोक झाकणाला टेकता कामा नये. टेकलं तर बोल्ट आणि कॅबिनेट मिळून शॉर्ट झालेला एक वेढा तयार होतो आणि चालू करताच ट्रान्सफॉर्मर प्रचंड करंट ओढतो.

दोन खोकी वापरा, मध्ये घट्ट फोम भरा. थर्मोकोलचे सुटे गोळे नकोत, जड वस्तू त्यातून तळाशी जाते. हीटसिंकच्या पात्यांना पुठ्ठा गुंडाळा.

पार्सल पोचल्यावर घेणाऱ्याने झाकण उघडून सुटलेलं काही आहे का पाहावं, सिरीज बल्ब लावून चालू करावं आणि स्पीकर जोडण्याआधी ऑफसेट मोजून तुम्हाला कळवावा. आकडा तुमच्या कागदाशी जुळला तर स्पीकर जोडायला हरकत नाही.