मधुमेही म्हाताऱ्या बोक्याचे दात काढायचेत? रात्रीचं इन्सुलिन आधी विचारा

टोपली, जुना टॉवेल, जुने रिपोर्ट, पैसे. हे सगळे घेतातच, त्यावर वेळ घालवत नाही. डॉक्टरांना विचारायचं ते हे: ऑपरेशन झाल्यावर त्या रात्री इन्सुलिन किती? सकाळचं सगळे विचारतात. मीही तेवढंच विचारून आलो होतो.

तारीख घेताना सकाळची पहिली वेळ मागा. मधुमेही मांजराला दुपारपर्यंत उपाशी ताटकळत ठेवायचं नसतं. बेळगावात सोय झाली नाही आणि कोल्हापूर गाठायचं असेल, तर १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या आसपासचे दिवस आणि बेळगावातलं कर्नाटक विधिमंडळाचं डिसेंबरातलं अधिवेशन टाळा. सीमाप्रश्न तापला की सीमेवरच्या कोगनोळी नाक्याला गाड्या अडतात, आणि तिथं तुमच्या बोक्याच्या साखरेचं कुणाला काय पडलंय!

दातांचा एक्स-रे निघतो का, हे फोनवरच विचारून घ्या. मांजराचे दात हिरडीच्या आत विरघळत जातात, वरून पत्ता लागत नाही. मुळाचा तुकडा आत राहिला तर एवढं करून दुखणं तिथंच.

रक्त, लघवी, बीपी आधी. म्हातारं मांजर म्हणजे किडनी आणि थायरॉईड बघायलाच हवं. लघवीत किटोन (इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळतंय याची खूण) निघाले तर तारीख पुढे जाते, हुज्जत घालू नका. साखर मात्र अगदी नेमकी येईपर्यंत थांबून राहण्यात अर्थ नाही, कारण तोंडातला संसर्गच तिला खाली येऊ देत नाही. आणि म्हणूनच रात्रीचा डोस विचारा! सडके दात गेले की इन्सुलिनची गरज घटू शकते. त्यात तोंड दुखतंय म्हणून बोका खात नाही. अशात घड्याळ बघून नेहमीचा पूर्ण डोस टोचला तर साखर कोसळते. खाल्लं तर किती, अर्धवट खाल्लं तर किती, तोंडच लावलं नाही तर काय, तिन्ही उत्तरं कागदावर, आकड्यांत लिहून घ्या. ‘बघून द्या’ हे उत्तर नव्हे. रात्री अकराला दवाखान्याचा फोन कुणी उचलत नाही.

उपास किती तास, तेही डॉक्टरच सांगतील. मधुमेही मांजराला बहुतेक वेळा कमी तास ठेवतात. पाणी परस्पर बंद करू नका. सकाळचा डोस बहुधा अर्धा सांगतात, पण तुमच्या डॉक्टरांचा आकडा तोच खरा. घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवा, नाहीतर पहाटे आज्जी ‘बिचारं उपाशी जाणार’ म्हणून वाटीभर दूध पाजते.

सिरिंज: लाल टोपीची ४० ची, केशरी टोपीची १०० ची, म्हणजे एका मिलीलिटरमागे तेवढी युनिटं असलेल्या इन्सुलिनसाठी. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये त्याच रेघेपर्यंत भरलं तर अडीचपट जातं. गडबडीच्या दिवशी दुसऱ्या कुणाला टोचायला लावू नका.

आता ग्लुकोमीटर. माणसांचा चालतो, मांजराचा आकडा थोडा कमी दाखवतो एवढंच. पट्ट्या संपल्या नाहीत ना, आदल्या दिवशीच बघा. भूल उतरत असलेलं मांजर झोकांड्या खातं, निपचित पडतं. साखर कोसळलेलं मांजरही अगदी तसंच करतं. डोळ्यांनी फरक कळत नाही. भूल असेल, सकाळपर्यंत उतरेल, असं म्हणून झोपायला गेलात की संपलं. कान टोचा, आकडा बघा, मगच रात्रीच्या डोसचा कागद काढा. ६० च्या खाली असेल तर इन्सुलिन नाही. मध किंवा ग्लुकोजचं पाणी बोटानं हिरड्यांना लावायचं, घशात ओतायचं नाही, आणि लगेच डॉक्टर. बेळगावात गोडाला तोटा नाही, पण कुंदा टाक्यांवर चोळता येत नाही. त्यामुळे मधाची बाटली हाताशी.

भूल द्यायच्या आधीच सांगून ठेवा: स्टेरॉईड नको, साखर चढते. दुखण्यावर डॉक्टर देतील तेच औषध. घरातली पॅरासिटामॉल अजिबात नाही, मांजराला ती विष आहे.

पुढचं थोडक्यात. मऊ, कोमट खाणं. दिवसभर काहीच खाल्लं नाही तर फोन. टाके बहुधा विरघळणारे असतात. आठवड्याभरात साखर तपासून डोस नव्याने ठरवून घ्यायचा, जुन्या चिठ्ठीवर चालू ठेवायचा नाही.