गोठ्याच्या आसपास गोचीड कुठे दडते, ते कसं शोधावं

गोचिडीचं औषध म्हटलं की आपण आधी जनावर धरतो. पण रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली गळते, आडोशाला हजारो अंडी घालते आणि मरते. तिथे सावली आणि ओल असेल तरच पुढची पिढी जगते. म्हणून आधी जागा शोधा.

शोध ऋतू बघून घ्यायचा. सोलापूरच्या मे महिन्यात, पारा 42-43 अंशांवर असताना, उघड्या माळावर गोचिडीची पिल्लं वाळून जातात. तेव्हा रानात वेळ घालवू नका, गोठा बघा. पावसाळ्यात मात्र बांधावरचं गवत, ओढ्याचा काठ आणि जनावरं बसतात ती बाभळीखालची जागा तपासा.

गोठा दगड-मातीचा असेल तर काम वाढलंच. बॅटरी घेऊन दावणीजवळच्या भिंतीपासून सुरुवात करा. भेगेत पत्र्याची पट्टी घालून हलकेच खरवडा. राखाडी फुगलेल्या माद्या, तपकिरी अंड्यांचा पुंजका, टाकलेली कात असं काहीबाही बाहेर येतं. पायांवर फिकट पट्टे दिसले तर ती बहुधा ह्यालोमा गटातली गोचीड. या गटातली एक जात संकरित गाईंना थायलेरिओसिस, म्हणजे रक्तातल्या परजीवीमुळे येणारा तापाचा आजार देते, आणि भिंतीच्या भेगा हे तिचं आवडतं घर. हाताने चिरडू नका. हातमोजे घालून, चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात टाका.

गवतासाठी जुना पांढरा सोलापुरी टॉवेल काढा. एक कड काठीला बांधा आणि दव वाळल्यावर गवतावरून हळू ओढा. दहा-पंधरा पावलांनी उलटून बघा: धाग्यांच्या फासांत अडकलेली, सहा पायांची बारीक पिल्लं सरकताना दिसतील. ह्यालोमाची मोठी गोचीड मात्र अशी सहसा सापडत नाही. ती गवतावर वाट बघत न बसता जनावराच्या दिशेने चालत येते.

मग पायवाटा बघा. ससे, मुंगूस, रानउंदीर, तित्तर यांच्या अंगावरूनही गोचिडी फिरतात. सोलापूरजवळच्या नान्नजच्या बाजूला काळवीट आणि शेळ्या एकाच माळावर चरतात, तिथे देवाणघेवाण दोन्हीकडून होते. सगळा दोष काळविटावर ढकलणं मला पटत नाही. बाजारातून आणलेल्या गाईचे कान, मानेखालची पोळी, कास आणि शेपटीचं बूड कोण बघतं?

सापडलेल्या भेगा सिमेंटने बुजवा, उकिरडा गोठ्यापासून लांब हलवा. भिंतीवरचं औषध पशुवैद्यकांना विचारूनच फवारा. त्याआधी जनावरं आणि कडबा बाहेर काढा, गव्हाण झाका. अंड्यांवर औषध फारसं चालत नाही, तेव्हा पुढची फवारणी कधी करायची तेही त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतून नवं खोंड आणलं असेल तर ते गोचीडमुक्त होईपर्यंत वेगळं बांधा, आणि जुन्या भिंतीला टेकून तर मुळीच नको.