चपला शिकायला निघताना बरोबर काय घ्यायचं

दहावी-बारावीचे निकाल लागले की अथणी, निपाणी, कागवाड, मधूनच खानापूर इकडून मला फोन सुरू होतात. "काका, पोराला शुगरवाल्यांच्या चपलांचं शिकायचंय म्हणतोय, तयारी काय करायची?" शुगरनं पाय बधिर झालेल्यांना जखम होऊ नये म्हणून करतात त्या या चपला, आणि मी त्याच करतो. फोनवर सांगून सांगून घसा बसतो आणि निम्मं राहूनच जातं, म्हणून एकदाचं लिहून काढतोय. यादी आहे, पण एका बैठकीत खुणा करून संपवायला जाऊ नका. यातली काही कामं दोन दिवसांची आहेत, काही दोन वर्षांची.

आधी रस्ता ठरवा. रस्ते दोन आहेत आणि फोन करणाऱ्या बहुतेकांना ते एकच वाटतात. पहिला पदवीचा: बॅचलर इन प्रॉस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्स, बी.पी.ओ., म्हणजे कृत्रिम हातपाय आणि पायाला आधार देणारी साधनं करायची विद्या. साडेचार वर्षं, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. त्याला बारावी, म्हणजे आपल्याकडची पी.यू.सी., सायन्सचीच लागते. कॉमर्सला बसलेल्या पोराला हे दुसऱ्या वर्षी कळतं, तेव्हा घरातल्या सगळ्यांचं तोंड बघवत नाही. मुंबईत हाजी अलीला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे, 1955 पासूनची. कटकजवळ ओलटपूरला आणि कोलकात्याला केंद्र सरकारच्या संस्था आहेत. इथून शिकलेला माणूस भारतीय पुनर्वास परिषदेच्या रजिस्टरला लागतो, आणि ती नोंद भिंतीवर टांगायला नसते. 1992 च्या परिषदेच्या कायद्यात नोंदणीशिवाय हा व्यवसाय करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितलंय. दंड वाचून हसू येतं, कैद वाचून येत नाही.

दुसरा रस्ता कारागिराचा. पाय तपासायचा डॉक्टरनं, काय हवं ते लिहून द्यायचं ऑर्थोटिस्टनं, आणि जोडी करायची आपण. वेल्लोरजवळच्या करिगिरीच्या कुष्ठरोग केंद्रात हे काम कित्येक वर्षं शिकवलं गेलंय, आणि चेन्नईची चर्म संशोधन संस्था, सी.एल.आर.आय., 1948 पासून चामड्याच्या विद्येत आहे. घरात धंदा असेल तर पीएम विश्वकर्मा योजनेत नाव घाला. 2023 ला सुरू झाली, त्यात चर्मकार धरलेत. पाच-सात दिवसांचं मूळ प्रशिक्षण, दिवसाला पाचशे रुपये, आणि हत्यारांसाठी पंधरा हजारांपर्यंतचं व्हाउचर. सात दिवसांत पायाचं शास्त्र कुणाला येत नाही, पण हत्यारं येतात.

कागदपत्रं थोडक्यात: दहावी आणि पी.यू.सी.ची मार्कलिस्ट, जातीचा दाखला, रहिवासी दाखला, सगळ्याच्या चार-चार झेरॉक्स. महाराष्ट्रात प्रवेश बघणार असाल तर सीमावादातल्या 865 गावांपैकी गावचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला वेळेत काढा. तिथल्या सीईटीच्या प्रवेशांत सीमाभागातल्या मुलांसाठी वेगळी सोय असते. अखिल भारतीय जागांना ती लागू नाही. हे दोन्ही गोंधळून घरी भांडणं होतात.

आता खरी तयारी. अथणीच्या पोरांना एक मोठा फायदा आहे आणि एक मोठी खोड आहे. फायदा हा की चामडं कापायची रापी आणि भोक पाडायची आरी हातात धरायला शिकवावी लागत नाही. 2019 ला कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळालं: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, आणि इकडचे बेळगाव, धारवाड, विजापूर, बागलकोट. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं चामडं, चामड्याच्याच दोऱ्याची शिवण, खिळा नाही. पाय बधिर झालेल्या माणसाच्या चपलेलाही खिळा चालत नाही. तिथपर्यंत आपण जन्मापासून शिकलेले आहोत.

खोड ही की गिऱ्हाईक समोर बसलं की आपण विचारतो, "चावतंय काय?" आणि चावत असेल तर सांगतो, "दोन दिवस चावंल, तेल लावा, मग बसंल." हा प्रश्न आणि हे उत्तर, दोन्ही घरी ठेवून निघा. ज्याला शुगरनं किंवा कुष्ठरोगानं पायाची जाणीवच गेलीय, तो कधीही "चावतंय" म्हणणार नाही. चपलेत चिंचोका राहिला तरी म्हणणार नाही.

हे मी कुठं शिकलो तेही सांगतो. नवीन होतो, चिकोडीकडच्या एका मामांना जोडी करून दिली. घालून दोन फेऱ्या मारायला लावल्या. "चावतंय काय मामा?" "छे रे, लोण्यावानी लागतंय." मी खूश. आठव्या दिवशी मुलगा त्यांना घेऊन आला. करंगळीच्या बाजूला, नाण्याएवढी, खाली लाल मांस दिसणारी जखम. पट्ट्याच्या आत मी टाक्याची एक गाठ तशीच सोडली होती, तांदळाच्या कणीएवढी. मामा त्या गाठीवर आठ दिवस उसाच्या बांधावरून चालले. जखम भरायला तीन महिने गेले. त्या दिवसापासून कुठलीही जोडी देण्याआधी मी आतून बोटं फिरवतो, डोळे मिटून. आणि पहिल्या दिवशी अर्धा-एक तासच घाला, काढून पाय बघा, लाल झालं असेल तर परत या, हे माणसाला नाही, त्याच्या बायकोला नाहीतर सुनेला सांगतो.

म्हणजे विचारायचं नाही, तर बघायचं कसं? त्यासाठी मोनोफिलामेंट, दहा ग्रॅमचा नायलॉनचा धागा. स्वतःचा घ्या आणि निघायच्या आधी घरातल्या सगळ्यांच्या पायावर हात बसवा. आधी माणसाच्या हाताला लावून दाखवायचं, "असं लागेल." मग डोळे मिटायला सांगायचे. अंगठ्याचा गर, अंगठ्यामागचा चवडा, करंगळीमागचा चवडा. धागा सरळ टेकवायचा, वाकेपर्यंत दाबायचा, एक-दोन सेकंद, उचलायचा. मधूनच न लावताच विचारायचं, "आता लागलं का?" खूप जण भिडेखातर होय म्हणतात, डॉक्टरला नाही कसं म्हणायचं! घट्ट्यावर लावायचा नाही. आणि एका दिवसात फार पायांना लावला की धागा मऊ पडतो, त्याला विश्रांती द्यायची.

माप घेणंही पुन्हा शिकावं लागतं, कारण आपण वर्षानुवर्षं नजरेनं घेतलंय. पेन्सिल उभी धरायची. आत कलली की रेघ पायाखाली जाते, माप लहान येतं. बाहेर कलली की चप्पल होडीसारखी होते. सरावाला एकाच पायाचे दहा कागद काढा आणि एकावर एक ठेवून उजेडासमोर धरा. रेघा एकमेकींवर बसेपर्यंत चामड्याला हात लावू नका. दोन्ही पायांचं माप, माणूस उभा असताना, शक्यतो दुपारनंतर, कारण दिवसभरात पाय सुजतो. बुटाच्या आतली लांबी पायापेक्षा एक ते दोन सेंटीमीटर जास्त, आणि चवड्यापाशी रुंदी पायाएवढीच. सैल म्हणजे सुरक्षित, असं आपल्याकडच्या आयांना वाटतं. सैल चप्पल घासते, आणि घासणंही कातडी फाडतं.

मऊपणाबद्दलही डोक्यात गैरसमज घेऊन जाऊ नका. एम.सी.आर. म्हणजे बारीक छिद्रांचं रबर, त्याची कठीणता शोअर मापात पंधराच्या आसपास. आकडा वाढला की कठीण. एकदम मऊ फोम दुकानात दाबून छान वाटतो, पण महिन्याभरात चपटा होतो आणि हाड पुन्हा जमिनीवर येतं. म्हणून थर: वर मऊ, खाली ई.व्ही.ए. (फोमसारखं पण जरा घट्ट प्लॅस्टिक), त्याखाली न वाकणारा तळ. चवड्यातल्या हाडांवरचा भार कमी करायचा पॅड हाडांच्या खाली नाही, मागे बसतो; नवशिक्याची सगळ्यात जास्त चूक इथं होते. मागं-पुढं अर्धा सेंटीमीटर म्हणजे औषधाचं विष. जागा चुकू नये म्हणून एक जुनी युक्ती: दुखऱ्या जागेला लिपस्टिकची टिकली लावा आणि कागदावर पाय टेकवा, खूण उमटते. बायकोची लिपस्टिक वापरून बोलणी खाल्ल्यावर मी वेगळी विकत घेतली.

एक गोष्ट मात्र लिहून चपलेच्या ठोकळ्यावर चिकटवा: पायाला रापी लावायची नाही. घट्टा दिसला की आपला हात शिवशिवतो. बधिर पायाच्या घट्ट्याखाली बऱ्याचदा जखम लपलेली असते. कुरुपाच्या औषधी पट्ट्याही नाहीत, त्यात आम्ल असतं. आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम, लाल, सुजलेला, पण माणूस म्हणतोय "दुखत न्हाई", तर माप घेऊ नका, त्याच दिवशी बेळगावला केएलई नाहीतर बिम्स दवाखान्यात पाठवा. आतली हाडं ढासळत असू शकतात, त्याला शार्को म्हणतात. गरम-गार कळायला हाताची मागची बाजू लावायची. काळं बोट, वास, वाहणारी जखम, यांनाही तेच. गिऱ्हाईक परत पाठवणं हेही शिकायचंच काम आहे, आणि धंद्यात वाढलेल्या पोराला तेच सगळ्यात जड जातं.

आता आपल्या मुलखाचं थोडं, कारण हे चेन्नईला कुणी शिकवणार नाही. आपला माणूस चप्पल उंबऱ्याबाहेर काढतो आणि घरात अनवाणी फिरतो. पायाच्या जखमांची निम्मी गोष्ट उंबऱ्याच्या आतली असते. म्हणून घरासाठी वेगळी जोडी सुचवा, चामडं नसलेली, नाहीतर सासू स्वयंपाकघरात येऊ देणार नाही. सौंदत्तीला यल्लम्माच्या पौर्णिमेला उन्हातल्या फरशीवर उभं राहिलेले बधिर पाय आठवड्यानं आपल्याकडे येतात, फोड घेऊन. जाड मोजे घालून जा म्हणावं, आणि पहाटे जा. देवीला चालतं. खानापुराकडच्या पावसात चामडं कुजतं, तिथं रेक्झिनचा पट्टा. आणि अंगठ्याची कोल्हापुरी शुगरवाल्याला नको, मागून टाचेला पट्टा हवा. पट्टा नसला की चप्पल धरून ठेवायला बोटं आकसतात आणि टोकं घासतात. आपल्याच मालाला नको म्हणताना जीभ अडखळते, पण म्हणायचं.

दिसण्याचंही मनावर घ्या. दवाखान्यातून मिळणारी ठरावीक काळी एम.सी.आर. चप्पल गावात सगळ्यांना ओळखू येते. लोक ती पिशवीत घालून घरी नेतात आणि कोनाड्यात ठेवतात. बाजारच्या सँडलसारखी दिसली तरच ती पायात राहते, आणि पायात राहिली तरच उपयोगाची. अथणीच्या हाताचं खरं काम इथं आहे.

कन्नड? ज्यांची शाळा मराठी झाली त्यांनी आधी हेच वाढवावं. गोकाक-रायबागकडची आजी "काल ब्यानी" म्हणते म्हणजे पाय दुखतोय, "उरी" म्हणजे आग होतेय, "जोमु" म्हणजे बधिर. या तीन शब्दांत तीन वेगळे आजार असू शकतात. पुस्तकं इंग्रजीत, फॉर्म कन्नडात, माणूस मराठीत. रोज तिन्ही लागतात. दुकानात एक पंखा बाहेर हवा ओढणारा लावा, चिकटवायच्या सोल्युशनच्या वासानं डोकं धरतं. ई.व्ही.ए. घासताना मास्क. हे सांगायचं राहिलं असतं.

आणि पिशवीत घरातल्या म्हाताऱ्या माणसाची झिजलेली चप्पल टाका. नवी नको. मी आजोबांची नेली होती, अथणीची, पंधरा-एक वर्षं वापरलेली. टाच बाहेरून झिजलेली, ते साधंच. पण डाव्या तळात दुसऱ्या बोटाच्या मागं बोट बुडेल एवढा काळा खळगा होता आणि उजव्यात तो नव्हता. ती चप्पल अजून वर्कशॉपच्या खिळ्याला आहे. नवीन पोरगं आलं की पहिल्या दिवशी चहाआधी तिच्यासमोर बसवतो आणि म्हणतो, हा माणूस कसा चालायचा ते सांग.